बआलची बाजू

कर्मेल डोंगरावरचा तो प्रसंग मराठी पवित्र शास्त्र वाचणाऱ्यांना ठाऊक असतो. देशात दुष्काळ पडलेला आहे. एका बाजूला संदेष्टा एलीया एकटा उभा आहे, तर दुसऱ्या बाजूला बआल देवाचे साडेचारशे संदेष्टे. ते सकाळपासून दुपारपर्यंत टाहो फोडतात, वेदीभोवती नाचतात, अंगावर वार करून घेतात, पण आकाशातून काही उत्तर येत नाही. एलीया त्यांची टर उडवतो: मोठ्याने ओरडा, तुमचा देव प्रवासाला गेला असेल, नाहीतर झोपला असेल! पुढे अग्नी उतरतो तो एलीयाच्या यज्ञावर, बआलचे संदेष्टे मारले जातात आणि अखेर पाऊस कोसळतो.

दोन हजारांहून अधिक वर्षे जगाला बआल माहीत होता तो असा. ज्यांनी त्याला पाडले त्यांनीच त्याची कहाणी लिहून ठेवली होती. ग्रीक लेखकांनी टिपलेली काही तुटक माहिती सोडली, तर त्याच्या बाजूने बोलणारा एकही साक्षीदार उरला नव्हता. त्याची स्तोत्रे, त्याचे पराक्रम, त्याच्या भक्तांना तो का प्रिय होता, यातले काहीच शिल्लक नव्हते. एकतर्फी निकाल लागून खटला केव्हाच दप्तरबंद झाला होता. तो पुन्हा उघडला गेला १९२८ साली, एका नांगरामुळे.

सीरियाच्या किनाऱ्यावर, लताकिया शहराच्या उत्तरेला दहा-अकरा किलोमीटरवर मिनेत अल-बैदा नावाची लहानशी खाडी आहे. त्या काळी सीरियावर फ्रेंचांचा अंमल होता. वसंतात महमूद मेल्ला अझ-झिर हा अलवी शेतकरी खाडीलगतचे शेत नांगरत होता. फाळ एका दगडात अडकला. दगड उचकटावा म्हणून त्याने माती बाजूला केली, तर खाली घडीव फरशी निघाली आणि फरशीखाली उतरत जाणारी वाट. ती दगडी कमानीच्या थडग्यात जात होती. आत मिळालेल्या काही वस्तू बाजारात गेल्या आणि बातमी अधिकाऱ्यांच्या कानी पडली.

बैरूतहून पुराणवस्तू खात्याचा माणूस पाहणीला आला. थडग्यात फारसे काही उरले नव्हते. खापराचे तुकडे आणि थडग्याचा आराखडा एवढेच पॅरिसला पोचले. प्रकरण तेथेच संपायचे. पण लूव्र संग्रहालयातील विद्वान रने द्युस्सो यांनी तो आराखडा पाहिला आणि ते थबकले. असली थडगी त्यांनी क्रीट बेटावरच्या उत्खननांतून पाहिली होती. समुद्रापलीकडची ही घडण सीरियाच्या किनाऱ्यावर कशी आली? थडगे आहे तर मेलेली माणसे कोठेतरी राहत असणार. मग त्यांचे शहर कोठे आहे? पाहणी करणाऱ्याने जवळच्या एका मोठ्या टेकाडाचा उल्लेख केलेला होता. रास शामरा हे त्याचे नाव, कारण त्यावर रानबडीशेप माजलेली असे.

मोहीम निघाली १९२९ च्या वसंतात. प्रमुख होता स्ट्रासबर्गचा क्लोद शेफर, वय अवघे तीस-एकतीस. सोबतीला जॉर्ज शेने हा अनुभवी सहकारी. धड रस्ता नव्हता, म्हणून सामान उंटांवर लादले होते, आणि मुलूख निर्धोक नव्हता, म्हणून बरोबर सैनिकांची तुकडी होती. त्यांनी काम सुरू केले ते खाडीवर, थडग्यांच्या जागी. भूमीने त्यांना निराश केले नाही. सोन्याचा पत्रा चढवलेली एका देवाची छोटी मूर्ती हाती आली. हस्तिदंती डबीचे एक झाकण निघाले. त्यावर घोळदार वस्त्र नेसलेली एक देवी बसली आहे आणि मागच्या पायांवर उभ्या राहिलेल्या दोन बोकडांना ती हातांतील कणसे भरवते आहे. अशा वस्तू मिळाल्यावर कुठल्याही उत्खनकाचे पाय तेथेच रुतावेत.

शेफर मात्र मे महिन्यात आपली माणसे घेऊन टेकाडावर गेला. ही मोहिमेतली पहिली मोठी पैज होती. खाडीवर सोने निघत होते आणि टेकाडावर काटेरी झुडपांखेरीज काही दिसत नव्हते. समुद्रापासून किलोमीटरभर आत, वीसेक मीटर उंचीचा तो मातीचा ढीग होता. वर उभे राहिले की उत्तरेला क्षितिजावर जबल अक्राचे शिखर ढगांत गुरफटलेले दिसे. त्या डोंगराशी आपल्या कामाचा काही संबंध आहे, हे तेव्हा मजुरांपैकी कोणाला किंवा खुद्द शेफरलाही कळण्याचा मार्ग नव्हता.

१४ मे १९२९ रोजी जळून कोसळलेल्या भिंतींच्या ढिगाऱ्यात भाजलेल्या मातीची एक पाटी सापडली. पाठोपाठ आणखी पाट्या निघाल्या. प्राचीन पश्चिम आशियात ओल्या मातीवर बोरूच्या टोकाने खिळ्यांसारख्या खुणा उमटवत असत. त्या कीलाकार लिपीतील हजारो लेख तोवर बॅबिलोन-निनवेहून युरोपात आले होते आणि वाचलेही गेले होते. त्यामुळे पाट्या पाहताच छावणीत आनंदाला उधाण आले असणार. तो आनंद फार टिकला नाही. काही पाट्या ओळखीच्या होत्या, पण बाकीच्यांवरच्या खुणा खिळ्यांच्याच असूनही त्यांची मांडणी कोणत्याच ज्ञात लिपीशी जुळत नव्हती.

पाट्या शार्ल विरोलो यांच्या हाती गेल्या. सीरिया-लेबनॉनच्या पुराणवस्तू खात्याचे ते प्रमुख राहिले होते आणि बॅबिलोनची लिपी त्यांना अवगत होती. त्यांनी आधी चिन्हे मोजली. बॅबिलोनच्या लिपीत शेकडो चिन्हे असतात, येथे मात्र तिसाच्या आत मोजदाद संपली. म्हणजे ही वर्णमाला होती, एका चिन्हाला एक ध्वनी! दोन शब्दांच्या मधे एक लहान उभी खूण होती, त्यामुळे कोणता शब्द कोठे संपतो तेही दिसत होते. पण भाषा कोणती? सायप्रसची? ग्रीकांच्या पूर्वजांची? शब्द डोळ्यांपुढे स्पष्ट होते आणि एकाचाही उच्चार करता येत नव्हता.

विरोलोंना एक धागा सापडला. त्याच उत्खननात काशाच्या कुऱ्हाडी मिळाल्या होत्या. त्यांतल्या काहींवर तीच लिपी कोरलेली होती आणि दोन शब्द पुन्हा पुन्हा येत होते. नेमके तेच दोन शब्द एका पाटीच्या आरंभी होते, फक्त त्यांच्या अगोदर एक सुटे चिन्ह होते. विरोलोंनी ताडले की कुऱ्हाडीवर मालकाचे नाव असणार आणि पाटी म्हणजे त्याच मालकाला लिहिलेले पत्र. तर मग ते सुटे चिन्ह म्हणजे पत्राच्या मायन्यातील ‘यांस’. पश्चिम आशियातील अनेक भाषांत हे काम ‘ल’ करतो. एक अक्षर हाती आले. घोडे अडले ते तेथेच.

यापुढे विरोलोंनी जे केले त्याला विद्येच्या इतिहासात फारशी जोड नाही. बहुतेक संशोधक अशा वेळी पेटीला कुलूप घालतात. स्वतःला अर्थ लागेपर्यंत दुसऱ्या कोणाला ओळही दिसू देत नाहीत. विरोलोंनी अठ्ठेचाळीस लेखांच्या हुबेहूब प्रती काढल्या आणि आपल्या निरीक्षणांसह पॅरिसच्या संशोधन-पत्रिकेत छापून टाकल्या. कोडे सोडवण्याचा मान दुसऱ्याला मिळू शकतो, हे त्यांना कळत नव्हते असे कोण म्हणेल?

आणि तसेच झाले. पत्रिकेचा तो अंक जर्मनीत हाले येथे २२ एप्रिल १९३० रोजी हान्स बाउअर या प्राध्यापकाच्या हातात पडला. बाउअर पन्नाशी ओलांडलेला, सेमिटिक भाषांचा गाढा जाणकार होता. पहिल्या महायुद्धात त्याने सांकेतिक संदेश उकलण्याचे काम केले होते, असे सांगतात. त्याने या पाट्यांकडे धर्मग्रंथ म्हणून पाहिलेच नाही. त्याच्या लेखी तो शत्रूचा पकडलेला संदेश होता.

त्याने एक गोष्ट गृहीत धरली. पाट्या या किनाऱ्यावर मिळाल्या आहेत, तर भाषाही याच प्रदेशाची, हिब्रूच्या गोतावळ्यातली असणार. गृहीतक चुकले असते तर सारा खेळ तेथेच आटोपला असता. मराठीत शब्दाच्या शेवटी स-ला-ते येतात, तसे या भाषांत ठरावीक मोजके वर्ण शब्दाच्या आरंभी लागतात, ठरावीक शेवटी लागतात आणि काही मोजके वर्ण एकटेच शब्द म्हणून उभे राहतात. बाउअरने याद्या केल्या. कोणते चिन्ह आरंभी वारंवार येते, कोणते शेवटी, कोणते एकटे? उच्चार न करता, अर्थाचा विचारही न करता, नुसत्या जागांवरून त्याने संशयितांची चाळणी लावली.

मग त्याने सापळा रचला. राजाला ‘म-ल-क’ म्हणतात, आणि जेथे पाट्या आहेत तेथे राजा असणारच. ‘ल’ विरोलोंनी दिलेलाच होता. मधे ‘ल’ असलेले तीन अक्षरी शब्द त्याने धुंडाळले. एक शब्द जुळला. मिळालेली अक्षरे दुसरीकडे घालून पाहिली, तर मुलगा या अर्थाचा ‘ब-न’ उमटला. हाती ‘ब’ आला. आता ‘ब’ने सुरू होऊन ‘ल’वर संपणारा एक शब्द पाट्यांवर फिरून फिरून दिसू लागला. मधला वर्ण घशातून येणारा, आपल्या लिपीत नेमका न मावणारा. बाउअरने तो भरला आणि ओळीतून नाव उभे राहिले: बआल! त्याच्या मागोमाग एल आला, अथिरात आली. ज्यांची नावे केवळ निषेधाच्या वाक्यांतून ऐकली होती ते देव स्वतःच्या घरात, स्वतःच्या अक्षरांत समोर उभे राहिले.

तारीख होती २७ एप्रिल. अंक हाती पडल्याला पाच दिवस झाले होते. द्विभाषी शिलालेखासारखा काहीही आधार नसताना एक अज्ञात लिपी आठवडाभराच्या आत फुटली होती. इजिप्तची चित्रलिपी उलगडताना शांपोल्योंजवळ रोझेटाचा त्रैलिपिक दगड होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या पाच दिवसांचे मोल कळते.

बाउअरने वीसेक चिन्हांचे ध्वनी ठरवले होते आणि त्यातले बहुतेक बरोबर होते. पण सगळे नव्हते. एका कुऱ्हाडीवर त्या दोन शब्दांआधी आणखी एक शब्द होता. कुऱ्हाडीवर ‘कुऱ्हाड’ असेच लिहिले असणार, असा त्याने तर्क केला आणि तेथे हिब्रूतील कुऱ्हाडीचा शब्द बसवला. तर्क मोठा सुबक होता, पण चुकीचा. त्याने काही अक्षरे वाकडी झाली आणि वाकड्या अक्षरांनी पुढच्या ओळी धूसर केल्या.

जूनमध्ये बर्लिनच्या एका वृत्तपत्रात बाउअरच्या शोधाचा वृत्तांत आला. तो जेरुसलेममध्ये एदुआर पॉल दोर्म या फ्रेंच धर्मगुरू-पंडिताच्या वाचनात आला. दोर्मही त्या पाट्यांशी झुंजत होते आणि त्यांची वाट चुकली होती. विशेष म्हणजे त्यांनीही महायुद्धात सांकेतिक संदेश उकलण्याचे काम केले होते, असे म्हणतात, अर्थात बाउअरच्या विरुद्ध बाजूच्या सैन्यात. बाउअरची अक्षरे घेऊन दोर्म पुन्हा कुऱ्हाडींकडे वळले. नेहमी येणाऱ्या त्या दोन शब्दांत त्यांना माणूस दिसला: ‘रब काहनीम’, पुरोहितांचा प्रमुख. आधीचा शब्द म्हणजे कुऱ्हाड नव्हे, त्याचे नाव. कुऱ्हाड देवळाच्या मुख्य पुजाऱ्याची होती, इतके ते सरळ होते! त्या वाचनाने बाउअरची घसरलेली अक्षरे आपापल्या जागी बसली.

दोर्मनी दुरुस्त्या कळवल्या आणि बाउअरने त्या स्वीकारल्या. बारा वर्षांपूर्वी ज्यांचे देश एकमेकांना खंदकांत मारत होते, त्या दोघांत मानापमानाचे नाट्य घडले नाही. ५ ऑक्टोबर १९३० या तारखेने बाउअरची सुधारलेली वर्णमाला ओळखली जाते. त्याच सुमारास विरोलोही स्वतंत्रपणे बहुतेक त्याच उत्तरांना पोचले होते. कुलूप उघडले, आणि दार उघडते ना उघडते तोच आतला खजिना बाहेर येऊ लागला.

१९२९ च्या पाट्यांत बरेचसे यज्ञयागाचे तपशील आणि याद्या होत्या. १९३० पासूनच्या हंगामांत, टेकाडाच्या माथ्यावरील दोन मंदिरांच्या मधे, मुख्य पुजाऱ्याच्या घरातून मोठ्या आकाराच्या पाट्या निघाल्या. त्यांवर काव्य होते. सहा पाट्यांवर, जागोजाग तुटलेले, बआलचे आख्यान होते.

ते ऐकण्याजोगे आहे. याम, म्हणजे समुद्र, देवसभेत दूत धाडतो आणि बआलला आपल्या हवाली करा म्हणतो. देव भयाने माना गुडघ्यांत घालतात. बआल त्यांची निर्भर्त्सना करतो. कोथर हा देवांचा कारागीर त्याला दोन गदा घडवून देतो. पहिल्या घावाने याम ढळत नाही, दुसरा दोन डोळ्यांच्या मधे बसतो आणि तो कोसळतो. विजयी बआलला मग एकच शल्य टोचते: इतर देवांसारखे आपल्याला घर नाही. त्याची सखी अनात थोरल्या एलकडे जाऊन चक्क धमकी देते. अखेर परवानगी मिळते आणि साफोन पर्वतावर सोन्याचांदीचा महाल उठतो. खिडकी ठेवायची की नाही यावरून बआल आणि कोथर यांचा वाद रंगतो. आधी नकार देणारा बआल शेवटी खिडकी ठेवतो आणि तिच्यातून त्याची गर्जना पृथ्वीवर जाते. साफोन म्हणजे तोच टेकाडावरून दिसणारा ढगांतला जबल अक्रा.

पण मोत, प्रत्यक्ष मृत्यू, त्याला बोलावतो आणि बआलला त्याच्या जबड्यात उतरावे लागते. देवांचा पिता एल सिंहासनावरून उतरून धुळीत बसतो, डोक्यावर माती घालतो. अनात रानोमाळ बआलला शोधते. अखेर ती मोतला गाठते, तलवारीने चिरते, चाळणीने पाखडते, आगीत भाजते, जात्यात दळते आणि शेतात पेरते. मग एलला स्वप्न पडते: आभाळातून तेल बरसते आहे, ओढ्यांतून मध वाहतो आहे. बआल जिवंत आहे!

कोरडवाहू शेतीवर जगलेल्या माणसाला या कथेचे भाष्य लागत नाही. रास शामराच्या टेकाडाखाली दडलेल्या उगारित शहराजवळ नाईल नव्हती, फुरात नव्हती. शेते पावसावर होती, आणि बआल हा पावसाचा देव होता. कर्मेलवरचा तंटासुद्धा मुळात पाऊस कोण देतो याचाच होता, हे आता उमगले. आणखीही उमगले. मेघांवर आरूढ होणारा ही बआलची बिरुदावली स्तोत्रसंहितेत इस्राएलच्या परमेश्वराला लावलेली आढळते. बआलने ज्याला चिरडले तो सात डोक्यांचा वळवळता सर्प लोतान, बायबलात लिव्याथान होऊन येतो आणि तेथेही मार खातो. बायबलकारांनी बआलला हाकलले, पण त्याची शस्त्रे आणि त्याचे शत्रू ठेवून घेतले. भारतीय वाचकाला येथे इंद्र आणि वृत्र आठवतील. साम्य डोळ्यांत भरणारे आहे, मात्र त्यावरून उसनवारीचे मनोरे रचण्याची घाई करू नये. पाण्यासाठी आभाळाकडे पाहणारे लोक जगात अनेक ठिकाणी होते.

बआलच्या आख्यानाच्या पाट्या लिहिणाऱ्याने शेवटी आपले नाव घातले आहे: इलिमिल्कू. मुख्य पुजाऱ्याचा शिष्य, आणि उगारितच्या निक्मद्दू राजाच्या काळचा. एखाद्या पोथीच्या अखेरीस लेखकाने पुष्पिका लिहावी तसे. त्याचे शहर इसवी सन पूर्व ११८५ च्या आसपास जळाले. शेवटच्या काळातील एका पत्रात शत्रूची सात जहाजे किनाऱ्याला लागल्याची आणि त्यांनी केलेल्या नासधुशीची खबर आहे. त्यानंतर तेथे कोणी पुन्हा शहर उभारले नाही, म्हणूनच पाट्या जागच्या जागी राहिल्या.

दुसऱ्या महायुद्धाने शेफरचे काम थांबवले. तो परतला आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्या मातीने बाउअर, दोर्म आणि विरोलो यांच्या उत्तरपत्रिकेवर जणू शिक्का मारला. बोटाएवढी एक पाटी निघाली. तिच्यावर शब्द नव्हते, वाक्य नव्हते. तीस अक्षरे ओळीने लिहिलेली होती. अ, ब, ग, पुढे द... हिब्रू वर्णक्रमाशी आणि त्याच्यामार्फत आजच्या एबीसीडीशी नाते सांगणारा हा वर्णमालेचा अतिप्राचीन तक्ता आहे. १९३७ साली वारलेल्या बाउअरला तो पाहायला मिळाला नाही.

शोध कोणाचा, यावर विद्वानांनी बरीच शाई खर्च केली आहे. माझ्या मते मोठा वाटा विरोलोंचा आहे, कारण त्यांनी कुलूप घातले नाही. आणि महमूदचा फाळ दोन हात बाजूने गेला असता, तर यांपैकी कोणाचेच नाव येथे आले नसते.

पॅरिसला जाणे झाले, तर लूव्रमध्ये मोनालिसासमोरच्या गर्दीतून थोडा वेळ काढून पश्चिम आशियाच्या दालनात जावे. १९३२ साली रास शामरावर सापडलेली, साधारण दीड मीटर उंचीची एक शिला तेथे आहे. तिच्यावर बआल पाऊल टाकतो आहे, उजव्या हातात उगारलेली गदा, डाव्या हातात भाला, आणि भाल्याच्या दांड्याला वर पालवी फुटलेली. इकडे त्याच्या आख्यानाच्या तुटक ओळी अजून भरून निघालेल्या नाहीत. २०११ मध्ये सीरियातील यादवीमुळे फ्रेंच उत्खनकांना रास शामरा सोडावे लागले, तेव्हा टेकाडाचा बराच भाग खणायचा शिल्लक होता.